आयर्न क्रॉसबरोबर आलेली चिठ्ठी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मूळचे पुण्याचे आणि सध्या नोकरीनिमित्त श्टुटगार्टला असलेले एक वाचक लिहितात: लहानपणी नाणी जमवायचो. इथे आल्यावर कार्ल्सप्लात्झवरच्या शनिवारच्या जुन्या बाजारात जर्मन लष्करी पदकांचा नाद लागला. पहिल्यांदा १९१४ चा द्वितीय श्रेणीचा आयर्न क्रॉस साठ युरोला घेतला. मग गेल्या महिन्यात ऑनलाइन एका व्यापाऱ्याकडून १९३९ चा प्रथम श्रेणीचा घेतला, २४० युरोला. त्यासोबत ‘पोलंड, सप्टेंबर १९३९’ असं लिहिलेली पिवळी पडलेली चिठ्ठी होती आणि अस्सल असल्याचं प्रमाणपत्रही. बाजारातल्या एका म्हाताऱ्या संग्राहकाने तो हातात घेतला, उलटा केला, परत दिला आणि नुसती मान हलवली. आता तोच व्यापारी आझाद हिंदच्या चार पदकांचा संच १,४०० युरोला देतोय. बायको म्हणते, पुरे झालं. खोटं पदक ओळखायच्या खात्रीच्या खुणा कोणत्या? त्या एकदा शिकलो की पुन्हा फसणार नाही ना? आणि आझाद हिंदचा संच आपला म्हणून तरी घ्यावा का?

उत्तर:

नमस्कार.

खुणा सांगतेच, पण तुमच्या पत्राविषयी आधी थोडं. त्यात पदकाचं वर्णन दोन-तीन ओळींत उरकलंय आणि चिठ्ठीवर अर्धं पान आहे. कागद कसा ठिसूळ झालाय, शाई कशी तपकिरी पडलीय, तो सैनिक कोण असेल. माझ्या मते तुमच्या २४० युरोंतले निम्म्याहून अधिक त्या चिठ्ठीला गेले. व्यापाऱ्यालाही ते ठाऊक असणार. त्यामुळे सुरुवात चिठ्ठीपासून करू.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत पदकाच्या मागे, पिनेजवळ, ‘एल’, तिरकी रेघ आणि पुढे आकडा असा छाप दिसतो. हे छाप कुठून आले? जर्मनीत पदकं बनवणाऱ्या कारखान्यांची एक संघटना १९४१ साली उभी राहिली आणि दुकानांतून खासगी विक्रीसाठी जाणाऱ्या मालावर हे ‘एल’वाले क्रमांक पडू लागले. सरकारतर्फे प्रत्यक्ष प्रदान होणाऱ्या पदकांवर, छाप असलाच तर, नुसता आकडा असे. म्हणजे तुमचं पदक शंभर टक्के अस्सल निघालं तरी सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडच्या आघाडीवर कुणाच्या छातीवर लागलेलं ते हे नव्हे. फार तर त्या सैनिकाने पुढे कधीतरी दुकानातून घेतलेली दुसरी प्रत असू शकेल. अशा जादा प्रती लोक खरंच घेत. मूळ पदक घरी जपून ठेवायचं आणि रोजच्या गणवेशावर ही लावायची. पण चिठ्ठी तसं म्हणत नाही. चिठ्ठी आणि पदक एकमेकांना ओळखत नाहीत, इतकं तर एवढ्यावरूनच कळतं, आणि त्याला भिंगही लागलं नाही.

आता पदक. आयर्न क्रॉस म्हणजे काळा रंगवलेला पत्र्याचा तुकडा नाही. प्रशियाच्या तिसऱ्या फ्रीडरिष विल्हेल्मने १८१३ साली नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी तो सुरू केला. आराखड्याला अंतिम रूप शिंकेल या वास्तुशिल्पीने दिलं. पुढे १८७०, १९१४ आणि १९३९ मध्ये तो पुन्हा जाहीर झाला. (कार्ल्सप्लात्झवर घोड्यावर बसलेला जो पहिला विल्हेल्म आहे, त्यानेच १८७० मध्ये. तुमचा जुना बाजार त्याच्या पायाशीच भरतो.) रचना मात्र तीच राहिली: मधे काळा केलेला लोखंडी गाभा आणि त्याच्याभोवती चांदीची किंवा चंदेरी धातूची चौकट. द्वितीय श्रेणीत चौकटीचे दोन अर्धे भाग गाभ्याच्या दोन्ही बाजूंनी बसवून कडेला डाग (सोल्डर) देऊन जोडतात. प्रथम श्रेणीत पुढे चौकट, मधे गाभा आणि मागे पिनेची सपाट पाठ असते.

ही रचना लक्षात ठेवलीत तर बऱ्याच खुणा पाठ कराव्या लागत नाहीत, त्या आपोआप दिसतात. मेथीची जुडी घेताना आपण ती उलटून देठं बघतो, तसं पदक आधी उलटं करा, मग कडेवर धरा. दहापट भिंगातून कड बघा. दोन भाग जिथे जोडले तिथे एक बारीक रेघ असते. ती घासून जवळजवळ नाहीशी केलेली असते, पण चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत, जिथे कानस पोचत नाही, तिथे डागाचा थोडा चिकटा उरलेला दिसतो. मग पुढची बाजू. चौकटीच्या आतल्या कडेला मण्यांची बारीक ओळ असते. ठशाने ठोकून काढलेल्या चौकटीत प्रत्येक मणी सुटा आणि तरतरीत असतो. साच्यात ओतलेल्या नकलेत मणी वितळत आलेल्या मेणासारखे एकमेकांत मिसळतात आणि सपाट जागी सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. ओतीव धातू थंड होताना आकसतो, म्हणून अस्सल पदकावरून साचा घेऊन काढलेली नक्कल मूळापेक्षा किंचित लहान भरते. १९१४ चा क्रॉस साधारण ४२ मिलिमीटरचा आणि १९३९ चा ४४ चा, पण कारखान्यागणिक थोडा फरक पडतो. त्यामुळे डिजिटल कॅलिपरने मोजलेला आकडा त्याच कारखान्याच्या खात्रीच्या पदकाशी ताडून बघायचा.

तुमच्या फोटोत मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. काळा रंग. अस्सल पदकात गाभा आधी काळा होतो आणि मग चौकटीत बसतो. म्हणून गाभा आणि मणी यांच्यामध्ये केसाएवढी फट किंवा निदान स्वच्छ सीमा असते. तुमच्या पदकात काळा रंग खालच्या भुजेपाशी मण्यांच्या मधल्या खाचांत उतरलाय आणि एका ठिकाणी चौकटीवर चढलाय. म्हणजे सगळं एकसंध ओतून मग ब्रशने काळं केलं असावं. फोटोवरून छातीठोक निकाल मी देणार नाही, पण त्या म्हाताऱ्याने मान का हलवली ते मला कळतं.

चुंबकाबद्दल तुम्ही उत्साहाने लिहिलंय की पदक चिकटलं, म्हणजे लोखंड आहे, म्हणजे खरं आहे. यातलं पहिलं ‘म्हणजे’ बरोबर, दुसरं नाही. आजच्या बऱ्या नकला लोखंडी गाभा घालूनच बनतात. आणि उलट, थोड्या अस्सल पदकांचे गाभे लोखंडाचे नसतात, त्यांना चुंबक लागत नाही. बहुतेक चाचण्यांचं असंच असतं. त्या पदकाविषयी शंका उभी करू शकतात, त्याला पास करू शकत नाहीत. यूव्ही टॉर्चचंही तसंच. धाग्याला आणि कागदाला पांढरेपणा आणणारी रसायनं युद्धानंतरच्या काळात सर्रास वापरात आली. त्यामुळे अंधाऱ्या खोलीत टॉर्च मारल्यावर फीत निळसर-पांढरी झगमगली तर फीत नवी. पण कुणाच्या आजीने तीच जुनी फीत १९६० साली डिटर्जंटमध्ये धुतली असेल तर तीही झगमगेल. शिवाय झिजलेली फीत बदलणं यात काही पाप नाही. तुमच्या १९१४ च्या क्रॉसची फीत काळी, कडांजवळ पांढऱ्या पट्ट्यांची आहे, तशीच हवी. मधे रुंद लाल पट्टा असता तर ती १९३९ ची ठरली असती. तो क्रॉस मला ठीक वाटतो. पहिल्या महायुद्धात द्वितीय श्रेणीचे पन्नास लाखांच्या आसपास क्रॉस वाटले गेले, म्हणूनच तो आजही शंभर युरोच्या आत मिळतो. साठला वाईट नाही घेतलात.

त्या चिठ्ठीचा कागदही टॉर्चखाली धरून बघा. भिंगाखाली शाईत इंकजेटचे रंगीत ठिपके दिसले तर मग बोलायलाच नको.

तुमचा दुसरा प्रश्न, की खुणा शिकलो की फसणार नाही ना? यात एक गृहीत दडलंय, की एकीकडे खरी पदकं आणि दुसरीकडे खोटी, आणि मधे स्वच्छ भिंत. बाजार तसा नाही. १९५७ साली पश्चिम जर्मनीने कायदा करून युद्धातली पदकं स्वस्तिकाशिवाय वापरायला परवानगी दिली, आणि जुन्या कारखान्यांनी ती नव्या रूपात बनवली. आयर्न क्रॉसवर स्वस्तिकाच्या जागी ओकची पानं आली. ही पदकं सरकारमान्य, माजी सैनिकांनी अभिमानाने घेतलेली. त्यांना नकली म्हणणं चूक, पण ‘युद्धातलं’ म्हणून विकणं ही फसवणूक. मग काही कारखान्यांचे जुने ठसे युद्धानंतरही चालू राहिले आणि त्यांतून स्वस्तिकासकट पदकं पुन्हा निघाली, संग्राहकांसाठी. ठसा तोच, छाप तोच, कधी कधी कारागीरही तोच. यांच्यापुढे भिंग बऱ्याचदा हात टेकतं. सिनेमासाठी आणि हौशी नाट्यप्रयोगांसाठी उघडपणे ‘प्रत’ म्हणून बनलेली पदकंही आहेत. चार हात फिरल्यावर तो शब्द गळून पडतो. आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे जोडकाम: गाभा अस्सल, चौकट नवी, किंवा पदक अस्सल आणि सोबतचा प्रदानपत्राचा कागद बनावट, कारण नाव लागलं की किंमत वाढते. तेव्हा ‘हे खरं का खोटं’ असं विचारण्यापेक्षा ‘यातलं काय, कधी आणि कशासाठी बनलं’ असं विचारायची सवय लावा. उत्तर मिळायला वेळ लागतो, पण ते उपयोगी असतं.

मळकट म्हणजे जुनं, हेही डोक्यातून काढा. अमोनिया, व्हिनेगर किंवा नुसती ओली माती, महिन्याभरात काहीही जुनं दिसतं. खरी झीज हाताच्या आणि कापडाच्या घासण्याने होते, म्हणजे उठावदार आकड्यांवर आणि भुजांच्या टोकांवर. खाचा साफ आणि उंचवटे काळे असतील, तर काहीतरी उलटं घडलंय.

श्टुटगार्टला राहता यात तुमचा एक फायदा आहे, जो बर्लिनच्या संग्राहकाला नाही. बर्लिनजवळच्या पॉट्सडामचं लष्करी दफ्तर एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं आणि प्रशियाच्या सैन्याचे बहुतेक कागद त्यात गेले. पण श्टुटगार्ट ज्याची राजधानी होती त्या व्युर्टेम्बर्ग राज्याची सेना पहिल्या महायुद्धापर्यंत आपलं दफ्तर वेगळं ठेवत होती. तिच्या ‘क्रीग्सश्टामरोलं’, म्हणजे कंपनीवार सैनिकांच्या नोंदवह्या, तुमच्याच गावच्या हाउप्टश्टाट्सआर्खीफमध्ये, म्हणजे मुख्य सरकारी दफ्तरखान्यात आहेत. नाव, जन्मगाव, जखमा, लढाया, मिळालेली पदकं, सगळं रकान्यांत. म्युनिकला बव्हेरियाचंही असंच दफ्तर आहे. म्हणजे उद्या तुम्हाला व्युर्टेम्बर्गच्या एखाद्या सैनिकाचं नाव असलेलं पदक आणि प्रदानपत्र मिळालं, तर ती गोष्ट तुम्ही स्वतः तपासू शकता. तुम्हाला गोष्टींची ओढ आहे, ती दाबायची गरज नाही. फक्त तपासता येणाऱ्या गोष्टी निवडा. मी तुमच्या जागी असते तर १९३९ चा नाद तूर्त सोडून व्युर्टेम्बर्गचीच पदकं जमवली असती. शौर्यासाठीचं रौप्यपदक, मागे लॉरेलच्या हारात ‘शौर्य आणि निष्ठेसाठी’ अशा अर्थाची जर्मन अक्षरं, पुढे शेवटच्या राजाचा चेहरा. आणि हात बसवायला १९३४ चा हिंडेनबुर्ग क्रॉस घ्या. आघाडीवरच्यांसाठी तलवारींसह, इतरांसाठी तलवारींविना, मृत सैनिकांच्या विधवांना आणि आईवडिलांना काळा. लाखोंनी वाटला गेला, दहा-वीस युरोत मिळतो, नकली बनवणाऱ्याला त्यात फारसं काही सुटत नाही. वेगवेगळ्या कारखान्यांचे पाच-सहा घेऊन टेबलावर मांडा आणि ठोकलेला धातू कसा दिसतो ते डोळ्याला शिकवा. रास्टाटच्या राजवाड्यातलं लष्करी संग्रहालयही तुमच्यापासून लांब नाही. काचेआडून का होईना, खात्रीचे नमुने बघून या.

आता आझाद हिंद. इथे मात्र मी थोडी कडक बोलणार आहे.

ओढ मला समजते. नेताजी १९४१ मध्ये बर्लिनला पोचले. उत्तर आफ्रिकेत जर्मनांच्या हाती लागलेल्या भारतीय युद्धकैद्यांतून तिथे सेना उभी राहिली, आणि बर्लिनच्या आझाद हिंद केंद्रात नेताजींबरोबर गणपुले यांच्यासारखे मराठी गृहस्थही होते. १९४२ मध्ये नेताजींनी पदकं सुरू केली: शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद, शहीद-ए-भारत. ही पदकं व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सोउवाल या कारखान्यात बनली. आणि अडचण तिथेच आहे. हा कारखाना युद्धानंतरही चालू होता आणि नंतरच्या प्रती भरपूर फिरतात. म्हणजे ‘कारखान्याचा छाप बरोबर आहे’ या व्यापाऱ्याच्या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही. सेना तीन हजारांच्या आसपास होती, त्यामुळे खरी पदकं किती असू शकतील याचा अंदाज तुम्हीच करा, आणि दर महिन्याला किती विक्रीला दिसतात तेही मोजा.

दुसरं, तुम्हाला चारही पदकांचा ‘पूर्ण संच’ मिळतोय. कुणा एका सैनिकाच्या घरून आलेला, असं तो म्हणतो. अहो, त्यातलं एक शहीद-ए-भारत आहे! चारही श्रेणी एकाच माणसाच्या, आणि तोच पुढे म्हातारा होऊन पेटीत जपून ठेवणारा? असा संच संग्राहकासाठी जमवलेला असतो, सैनिकाचा नसतो. आणि प्रमाणपत्र कुणाचं? विकणाऱ्याचंच. त्याने आपली पाठ आपणच थोपटून घेतलीय. ‘आपला’ म्हणून घ्यावासा वाटतो, हे तर खोटा माल खपवणाऱ्याच्या फार सोयीचं आहे. जर्मन पदक बघताना तुम्ही भिंग घेता, हे बघताना ऊर भरून येतो. घेऊ नका. घ्यायचंच ठरलं तर सुटं एक पदक, लेखी हमीसह, आणि व्यापाऱ्याशी संबंध नसलेल्या जाणकाराला दाखवून. ‘डॉइचं गेझेलशाफ्ट फ्युर ओर्डेन्सकुंडं’ ही पदकांच्या अभ्यासकांची जुनी संस्था आहे. तिथल्या मंडळींशी ओळख करून घेणं हे कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा स्वस्त पडेल.

महाराष्ट्रातूनही अशी पत्रं येतात, म्हणून त्या वाचकांसाठी एक गोष्ट. मराठा पलटणी १९४४-४५ मध्ये इटलीत जर्मनांशी लढल्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस तिथल्याच लढायांसाठी मिळाला. त्यामुळे साताऱ्याच्या किंवा रायगडच्या एखाद्या घरी पणजोबांच्या ट्रंकेत आयर्न क्रॉस निघणं अगदी शक्य आहे. स्वतःच्या घरात निघाला तर तो ज्या कापडात, ज्या कागदांसोबत सापडला तसाच ठेवा, फोटो काढा, घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून सगळं लिहून काढा. पण बाजारात कुणी ‘आमचे आजोबा इटलीत होते’ म्हणून विकायला आला, तर आजोबांचं पलटणीचं डिस्चार्ज बुक मागा. आजोबा इटलीत खरोखर असतील, पदक मागच्या वर्षी ऑनलाइन मागवलेलं असू शकतं.

व्यापाऱ्याला आजच लिहा. भांडण नको, आरोप नको. ‘आपण अस्सल म्हणून विकलेली वस्तू तशी नाही असं मला दिसतं, कारणं सोबत, पैसे परत करावेत’ एवढंच, फोटोंसह, लेखी. ऑनलाइन व्यापाऱ्याकडून घेतलेली वस्तू जर्मनीत चौदा दिवसांत कारण न देता परत करता येते. ती मुदत तुमची टळली असेल, पण वर्णनाप्रमाणे वस्तू नसेल तर व्यापाऱ्यावर दोन वर्षांची जबाबदारी असते (वापरलेल्या मालासाठी करारात ती एक वर्षावर आणता येते). खासगी विक्रेत्याशी हे सगळं अवघड जातं, म्हणून मोठी खरेदी व्यापाऱ्याकडूनच करावी. पैसे नाही मिळाले तरी ते पदक पुढे कुणाच्या गळ्यात मारू नका. अस्सल क्रॉसच्या शेजारी ठेवलंत तर तुलनेसाठी कामाला येईल. आणि १९३९ च्या पदकाचे फोटो सोशल मीडियावर टाकू नका. घरात ठेवणं गुन्हा नाही, पण त्यावरचं स्वस्तिक जाहीर मिरवणं जर्मन दंडसंहितेच्या ८६अ कलमात बसतं. इथले विक्रेते फोटोत त्यावर पट्टी चिकटवतात ती त्यामुळेच, आणि नेमका पदकाचा मधला भाग झाकला जातो. त्या काळातलं काही हातात न धरता घेऊ नये, याचं हेही एक कारण.

बायकोच्या ‘पुरे झालं’वर मी काय बोलणार? वर्षाचा आकडा दोघांनी मिळून ठरवा आणि १,४०० ला नकार दिलात हे त्यांना आधी सांगा. पुढच्या शनिवारी त्यांनाही बाजारात न्या. गोष्टीत न गुंतता वस्तू बघणारं एक माणूस सोबत असलेलं बरं.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय की आई भेटीला आल्यात आणि १९१४ चा क्रॉस पितांबरीने घासून चकचकीत करून देते म्हणतात, तर देऊ का? नाही. ब्रासो नाही, चिंच नाही, लिंबू नाही, टूथपेस्ट नाही. चौकटीवरचा काळपटपणा आणि गाभ्यावरचा मूळ काळा रंग एकदा गेला की तो परत येत नाही, आणि किंमतही निम्मी होते. मऊ कोरड्या सुती फडक्याने हलकेच पुसा, आम्लविरहित कागदात गुंडाळा, सोबत सिलिका जेलची पुडी ठेवा. आईंना घासायला देवघरातली समई द्या.